दाखल्याप्रमाणे वय

“तुम्ही जरा बाहेर बसा,” काझी वकील मला म्हणाले. “मला आधी बाईंशी एकट्यानं बोलायचंय.”

मी उठलो. पिशवी खांद्याला अडकवून दाराकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. तेवढ्यात सुदामतीनं माझ्या सदऱ्याची बाही धरली.

“गुर्जींना बसू द्या साहेब,” ती म्हणाली. “मला अडाणीला काय कळतंय? तुमी काय इचारलं अन् म्या काय सांगितलं, हे बघायला कुणी शिकलेलं माणूस नको का?”

वकिलांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांवर जाड भिंगं, पाठीमागच्या कपाटात लाल कातडी बांधणीची पुस्तकं. “बाई, पहिल्या भेटीत मी कुणालाच सोबत बसू देत नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. माणूस ओळखीच्या माणसासमोर मोकळं बोलत नाही.”

“गुर्जी काय परके हायेत का? देवमाणूस हाय त्यो. त्यांच्यापसून आमचं काय लपलंय?”

वकिलांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग हात हलवून मला बसायला सांगितलं. मी बसलो. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. देवमाणूस म्हटलेलं कुणाला आवडत नाही?

सुदामती केकाण आमच्या वस्तीवरची. बालाघाटाच्या डोंगरात आमची ती दोन खोल्यांची शाळा होती, चौथीपर्यंतची. तिथं मी सव्वीस वर्षं मास्तरकी केली आणि तिथूनच त्या मे महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त झालो. सुदामती आणि तिचा नवरा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, ते पाडव्याच्या आसपास परत यायचे. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. राहिला एकुलता एक पोरगा, अंगद. माझा विद्यार्थी.

त्या उन्हाळ्यात वस्तीवर टँकरनं पाणी येत होतं. चार मे रोजी टँकरभोवती नेहमीसारखी झोंबाझोंबी झाली. ज्ञानोबा गर्जे नावाच्या चाळिशीच्या गड्यानं सुदामतीला ढकललं, ती घागरीसकट पडली. तिच्या कपाळातून रक्त आलेलं अंगदनं बघितलं आणि पायाशी होता तो दगड उचलून ज्ञानोबाच्या डोक्यात घातला. एकच दगड. ज्ञानोबा तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला. अंगदला पोलीस घेऊन गेले ते गेलेच.

महिनाभर ती बिचारी ह्या पुढाऱ्याच्या दारात, त्या पुढाऱ्याच्या दारात बसली. शेवटी माझ्याकडे आली. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि मी जन्मभर शहाणाच राहिलो होतो. वकिलाची खोली मीही तोवर आतून बघितलेली नव्हती. पण मास्तरला न येणारी गोष्ट नसते अशी वस्तीची समजूत, आणि ती मीच जोपासलेली. तालुक्याला जाणाऱ्या एसटीत मी तिला धडा द्यावा तसं सगळं समजावलं. कागद एकही विसरायचा नाही. विचारलं तेवढंच बोलायचं. रडायचं नाही.

“आणि मुख्य म्हणजे,” मी बोट वर करून सांगितलं, “वकिलापुढं आणि वैद्यापुढं खोटं बोलायचं नाही. लपवलं की आपलंच नुकसान.”

“नाही बोलणार गुर्जी,” ती म्हणाली. मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीला तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. पिशवीत रेशनकार्ड होतं, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला होता, पोलिसांनी दिलेले कागद होते आणि अंगदचा चौथीचा दाखला होता.

वकिलांनी ते कागद एकेक करून वाचले. मग सुदामतीला म्हणाले, “सुरुवातीपासून सांगा. सकाळी उठलात तिथपासून.”

तिनं सांगितलं. टँकर किती वाजता आला, पुढं कोण होतं, घागर कुठं पडली. वकील मधूनच थांबवायचे. “दगड आधी हातात होता की नंतर उचलला?” “ज्ञानोबाशी आधीचं काही वाकडं?” “अंगद तोंडानं काय म्हणाला?” मला वाटलं होतं, वकील म्हणजे मोठमोठ्यानं बोलणारा, टेबलावर मूठ आपटणारा. हा माणूस दवाखान्यातल्या डॉक्टरसारखा हळू आवाजात, दुखतंय तिथंच दाबत होता.

“इथं जे सांगाल ते या खोलीबाहेर जात नाही,” ते म्हणाले. “पण मला कच्चं सांगितलंत तर मी कोर्टात उघडा पडेन आणि मार पोराला बसेल. कळलं ना?”

“व्हय.”

“गावात कुणाशी या विषयावर बोलू नका. समोरच्यांकडून कुणी समेटाला आलं तर माझं नाव सांगा.” मग ते माझ्याकडे वळले. “गुरुजी, तुमच्या हाताखाली शिकलाय. कसा होता?”

हा प्रश्न मला सोपा होता. “गरीब होता हो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पहिलीत तर इतका बारका, की दुपारी बसल्याजागी झोपायचा. आमच्या मंडळी त्याच शाळेत शिक्षिका होत्या. त्या त्याच्याखाली पोतं अंथरायच्या.”

“झोपायचा?” वकिलांनी मान वर केली. “सहा वर्षांचं पोर रोज दुपारी झोपायचं?”

“काही काही मुलं झोपाळू असतात,” मी म्हणालो.

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. मग सुदामतीला विचारलं, “अंगद जन्मला कधी?”

“किंक्रांतीला,” ती एका दमात म्हणाली. “संक्रांतीच्या दुसऱ्या रोजी. कारखान्यावर पाचटाच्या कोपीत झाला, सकाळच्या पारी. किंक्रांतीचा म्हणून सासूनं चार दिवस त्वांड बघितलं नाही त्याचं.”

“वर्ष?”

“त्ये कसं सांगू? त्यो पोटात असताना आमी पयल्यांदाच त्या कारखान्याला गेलतो. नंतर तिकडं गेलो नाही.”

“जन्माची नोंद?”

“कोपीत कोण नोंद करतंय साहेब?”

वकिलांनी चौथीचा दाखला उचलून खिडकीच्या उजेडात धरला. “यावर तारीख आहे एक जून. सालावरून हिशेब केला तर भांडणाच्या दिवशी अंगद अठरा वर्षं अकरा महिन्यांचा. तुम्ही म्हणता किंक्रांत. म्हणजे तारीख तरी चुकीची आहे. सालही चुकीचं असेल, तर मला ते आजच कळायला हवं.” त्यांनी दाखला टेबलावर ठेवून खालच्या सहीवर बोट टेकवलं. “मुख्याध्यापक. ही सही तुमची ना?”

“माझीच.”

“पहिलीला प्रवेश दिला तेव्हा रजिस्टरात नोंद कुणी केली?”

“मीच.”

“तारीख कुणी सांगितली?”

आमच्या भागात निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. शाळा जूनमध्ये उघडते, पोराचे आईबाप अंगठेबहाद्दर, आणि मास्तरला रकाना तर भरायचा असतो. माझाही वाढदिवस एक जूनच. माझ्याही मास्तरांनी तसाच टाकला, म्हणूनच मी एकतीस मेला निवृत्त झालो. ह्यात कुणाला पाप वाटत नाही. वकिलांनाही वाटलं नसतं. पण अंगदच्या तारखेची गोष्ट वेगळी होती, आणि ती फक्त तिघांना ठाऊक होती. मला, माझ्या बायकोला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत अंग चोरून बसलेल्या या बाईला.

त्या वर्षी आमच्या शाळेचा पट एकोणीसवर आला होता. वीस भरले नाहीत तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार, असं केंद्रप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं. दुसरी शिक्षक म्हणजे माझी बायको, प्रमिला. तिची बदली झाली असती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आमच्या घरी म्हातारी आई अंथरुणावर होती. मी वस्तीवरची घरं पालथी घातली. सहा वर्षांचं एकही पोर शाळेबाहेर उरलं नव्हतं. शेवटी सुदामतीच्या दारात गेलो. अंगद अंगणात उघडाच मातीत बसला होता.

“याला शाळेत घाल,” मी म्हणालो.

“गुर्जी, लई बारीक हाय त्यो,” ती हसून म्हणाली. “किंक्रांतीला कुठं चार पुरी झाली.”

“तारखेचं मी बघतो. पोर उसात न्यायचं, की शिकवून मोठं करायचं? आजीपाशी ठेव. आम्ही दोघं आहोत ना.”

ती विरघळली. मी शाळेत येऊन रजिस्टर उघडलं आणि एक जून लिहून साल असं टाकलं, की पोरगा सहा पूर्ण दिसावा. दीड वर्षाच्या वर वय मी एका ओळीत वाढवलं. पट वीस झाला. प्रमिला माझ्याजवळ राहिली. पुढं तालुक्याला आदर्श शिक्षक म्हणून माझा सत्कार झाला, तेव्हा भाषणात मी हीच गोष्ट सांगितली होती. ऊसतोड्याचं पोर मी घरी जाऊन शाळेत आणलं म्हणून. पटाचं तेवढं गाळलं होतं.

हे सगळं आता सांगायला इतका वेळ लागतो. त्या खोलीत मनात यायला पापणी लवायचाही वेळ लागला नाही.

“पालकांनी सांगितली तीच लिहिली,” मी म्हणालो.

पंखा फिरत होता. वकील सुदामतीकडे वळले. “बाई, खरं आहे हे? ही तारीख तुम्ही दिली होती?”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी खाली टेबलावरच्या काचेकडे बघत होतो. तरी तिनं बघितल्याचं मला कळलं.

“व्हय,” ती म्हणाली. “म्याच सांगितली.”

“मग आत्ता किंक्रांत म्हणालात ते?”

“चुकलं साहेब. डोकं ठिकाणावर नाही माझं.”

वकिलांनी वहीत टिपलेलं एकदा वाचून बघितलं. मग त्यांनी वही मिटली आणि पहिल्यांदाच जरा मोठ्या आवाजात बोलले. “दोघंही नीट ऐका. मी हे का विचारतोय ते आता सांगतो. त्या दिवशी अंगद अठराच्या आत होता असं ठरलं, तर हा खटला या कोर्टात चालणारच नाही. तो बाल न्याय मंडळापुढं जाईल आणि जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात राहील. अठराच्या वर ठरला, तर खुनाचा खटला. त्यात गुन्हा शाबीत झाला, तर जन्मठेपेच्या खाली शिक्षाच नाही.”

सुदामतीचा हात पिशवीवर थांबला.

“कोर्ट आधी पहिल्या शाळेची नोंद बघतं,” ते पुढं म्हणाले. “ती आईबापांनी सांगून झाली असेल तर पक्की धरतं. मग आई नंतर काहीही म्हणाली, तरी पोराला वाचवायला म्हणतेय असंच समजतात. पण मास्तरांनी अंदाजानं टाकली असेल, आणि मास्तर स्वतः तसं शपथेवर सांगत असतील, तर त्या नोंदीत दम राहत नाही. मग मी पोराच्या हाडांची तपासणी मागू शकतो. त्यात एकदोन वर्षं इकडं तिकडं होतातच, आणि तो फायदा पोराला मिळतो.” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “गुरुजी, मी तुमचा वकील नाही, तेव्हा तुम्हालाही अंधारात ठेवत नाही. सरकारी रजिस्टरात जाणूनबुजून चुकीची नोंद केली असं कुणी कबूल केलं, तर खात्याची चौकशी लागू शकते. पेन्शन अडकू शकते. नाव खराब होईल. हे सगळं धरून सांगा. अजून कागदावर काही गेलेलं नाही. मी पुन्हा विचारतो, ती तारीख कुणाची?”

माझी पेन्शनची फाईल त्याच आठवड्यात जिल्हा परिषदेत गेली होती. घराच्या भिंतीवर सत्काराचं मानपत्र होतं. सव्वीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं होतं, आणि आता निवृत्त होऊन पंधरा दिवस झाले नव्हते तोच लोक म्हणणार होते, मास्तरानं बायकोची बदली टाळायला लेकराचं वय वाढवलं. हे सगळं मला दिसलं. अंगदही दिसला, नाही असं नाही. पोत्यावर अंगाची मुटकुळी करून झोपलेला.

वकिलांनी मला बाहेर बसवलं असतं, तर त्या बाईनं त्यांना सगळं सांगितलं असतं. त्यात मला शंका नाही.

“मी सांगितलं तेच,” मी म्हणालो.

“बाई?”

“गुर्जी म्हणत्यात तसंच हाय.”

काझी वकिलांनी चष्मा चढवला. वकीलपत्राचा कागद पुढं ओढला, सुदामतीला अंगठा कुठं लावायचा ते दाखवलं. निळ्या शाईत बुडालेला तिचा अंगठा त्यांनी स्वतः धरून टेकवला. आम्ही दारापर्यंत गेलो तेव्हा ते मागून म्हणाले, “गुरुजी, काही आठवलं तर माझं दार उघडं आहे. कधीही या.”

मी गेलो नाही.

बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. स्टँडवर मी तिला चहा घेतेस का विचारलं. ती नको म्हणाली. लिंबाच्या सावलीत उभी राहून तिनं पदराला अंगठा पुसला. शाई निघाली नाही.

“गुर्जी,” ती हळूच म्हणाली, “म्या बरोबर सांगितलं ना? तुमी एक अन् म्या एक, असं झालं असतं तर साहेबाम्होरं तुमची काय इज्जत राहिली असती? तुमी आमच्या भल्यासाठीच केलतं त्येवा.”

“पण ते तीन वर्षांचं म्हणाले, ते ऐकलंस ना?”

“ऐकलं. तुमी हायेत ना. तुमी काढसाल त्यातून वाट.”

मी मान हलवली. कशाला हलवली ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. वस्तीची एसटी आली, आणि ती माझ्यासाठी जागा धरायला पुढं पळाली.

घरी प्रमिलानं पाणी दिलं आणि विचारलं, “सांगितलंत?”

“तसा विषयच निघाला नाही,” मी म्हणालो.

तिनं पोळ्या केल्या, मला वाढलं. ती मात्र जेवायला बसली नाही. पुढं ती वारली तोवर आमच्यात अंगदचं नाव निघालं नाही.

खटला दोन वर्षं चालला. काझी वकिलांनी वयाचा अर्ज केलाच. कोर्टानं शाळेचं रजिस्टर मागवलं आणि सरकारी वकिलांनी मला पिंजऱ्यात उभं केलं. मी शपथ घेतली आणि खोलीत बोललो होतो तेच बोललो. काझींनी मला एकच प्रश्न विचारला. “गुरुजी, पहिलीत दुपारी पोत्यावर झोपायचं ते पोर तुम्हाला किती वर्षांचं वाटत होतं?”

“आता आठवत नाही,” मी म्हणालो.

अर्ज फेटाळला गेला आणि अंगदला जन्मठेप लागली. निकालाच्या दिवशी पोलिसांच्या गाडीत चढताना त्यानं मला बघितलं आणि बेडीसकट हात जोडले. शाळेत आम्ही पोरांना तसंच शिकवतो, गुरुजी दिसले की हात जोडायचे.

त्या भांडणाला आता बारा वर्षं झाली. पेन्शन मला व्यवस्थित चालू आहे. सुदामती एक महिन्याआड पोराला भेटायला जेलात जाते. त्याआधी अर्ज लिहून द्यावा लागतो, तो माझ्याकडूनच लिहून नेते. नाव, गुन्हा, नातं, कैद्याचं वय. ती उंबऱ्यापाशी बसते, मी लिहितो. वयाच्या रकान्यापाशी दर खेपेला माझं पेन अडतं. ती कधी काही बोलत नाही.

गेल्या संक्रांतीला ती अर्जासाठी आली. उद्या एसटीला जाताना नेते म्हणून लिहिलेला अर्ज तिनं माझ्याकडंच ठेवला. जाताना म्हणाली, “उद्या किंक्रांत.” एवढंच. ती गेल्यावर मी तो अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. वयाच्या रकान्यात पहिल्यांदाच खरं वय टाकलं, आईनं सांगितलेलं. माझ्या अक्षरात ते पंचवीस वर्षं उशिरा उमटलं होतं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर जाऊन मी स्वतः तो तिच्या हातात दिला. त्या रात्री मला जरा झोप लागली.

तिसऱ्या दिवशी ती परत आली. पायात चप्पल, डोक्यावर बोचकं, बोचक्यात अंगदसाठी नेलेले तिळाचे लाडू तसेच.

“भेट झाली नाही गुर्जी,” ती म्हणाली. “खिडकीवरच्या सायबानं अर्ज माघारी दिला. वय जुळत नाही म्हणला त्यांच्या कागदाशी. उद्या किंवा परवा नवा आण म्हणला, पर माघारी येऊन पुन्हा जायाला गाडीभाडं नव्हतं.”

तिनं बोचकं खाली ठेवलं, एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि उंबऱ्यापाशी तिच्या जागेवर बसली.

“मनाला लावून घेऊ नका,” ती म्हणाली. “वय झालं तुमचं. व्हती माणसाच्या हातून चूक. ह्या येळंला तेवढं दाखल्यावर हाय तेच लिवा.”

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं.